उतारावरची टाक्यांची गाडी

सूर्यमाळ म्हणजे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातलं उंच पठार. पाण्याच्या टाकीचा सांगाडा असो की शाळेचं फाटक, इथलं लोखंडी काम दुकानात कमी आणि चढउतारावर जास्त होतं. गॅस कटरच्या टाक्याही मग तिथवर ओढत न्याव्या लागतात. फॅब्रिकेशन करणारा मामा आणि आयटीआयत वेल्डिंग शिकणारी भाची त्या टाक्यांच्या गाडीबद्दल बोलत आहेत.

भाची : मामा, गाडी नवीकोरी आहे. तरी तू कापायला निघालास?

मामा : ही कारखान्यातल्या कोब्यावर चालायची गाडी. आपल्याकडे कोबा कुठाय? चाकांमधलं अंतर मोज बरं.

भाची : ४५ सेंटीमीटर.

मामा : भरलेल्या दोन टाक्या सव्वाशे किलोच्या आसपास जातात, आणि त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटर वर. आता सांग, गाडी आडवी किती कलली की पडेल?

भाची : गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा चाकाच्या बाहेर गेला की पडणार. अर्धं अंतर साडेबावीस, उंची पंचाहत्तर... म्हणजे १७ अंशसुद्धा नाहीत!

मामा : वाटेच्या भाषेत सांगतो. एक चाक दगडावर, दुसरं चाकोरीत, आणि दोन्हींत १३ सेंटीमीटरचा फरक. झालं, गाडी आडवी. आता धुरा लांब करून चाकं ७५ सेंटीमीटरवर नेऊ. मग हाच फरक ३३ सेंटीमीटरपर्यंत चालतो. दुकानाच्या दारातून गाडी जेमतेम जाईल, तेवढं सोसायचं.

भाची : चाकंही बदलणार?

मामा : ही १५ सेंटीमीटरची आहेत. वाटेत पाच सेंटीमीटरचा दगड आला, तर त्यावर चढायला चाकांवरच्या भाराच्या जवळपास पावणेतीनपट आडवी ओढ लागते. चाक ४० सेंटीमीटरचं घेतलं की तीच ओढ भारापेक्षाही कमी होते. जुन्या स्कूटरची चाकं साधारण त्याच मापाची असतात. मात्र मोठ्या चाकाबरोबर धुराही वर घ्यायचा. गाडी उभी केली की बूड जमिनीला टेकलं पाहिजे आणि भार चाकांवरून उतरला पाहिजे. सगळा भार चाकांवरच राहिला, तर उतारावर ती आपणहून चालू लागेल.

भाची : ओढताना टाक्या मागे कलतात. ॲसिटिलिनला ते चालतं?

मामा : ओढण्यापुरतं चालतं. पण त्या टाकीत नुसता गॅस नसतो. आत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरलेलं असतं आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला. टाकी आडवी ठेवून वापरली, तर ॲसिटोन रेग्युलेटरमध्ये येतं. नाशिकहून जीपमध्ये आडवी आली असेल, तर उभी करून चांगला वेळ थांबायचं, मगच चावी लावायची. आणि नळीतला दाब एक बारच्या वर न्यायचा नाही. त्यापुढे ॲसिटिलिन हवेशिवायही फुटू शकतं.

भाची : ऑक्सिजनच्या टाकीत तर १५० बार असतात.

मामा : म्हणून ही साखळी मला बघवत नाही. गुडघ्याच्या उंचीवर एकच, आणि तीही दोन्ही टाक्यांना मिळून! साखळी टाकीच्या दोनतृतीयांश उंचीवर हवी आणि खाली आणखी एक. शिवाय दोघींना वेगवेगळी. नाहीतर रिकामी काढताना भरलेली मोकळी सुटते. टाकी पडून व्हॉल्व्ह मोडला, तर त्या दाबाने ती भिंतही फोडून जाईल. ने-आण करताना रेग्युलेटर काढून टोपी घालायची, हे तर आहेच.

भाची : आणि चाकांना ग्रीस मी लावू का?

मामा : लाव, पण हे नीट ऐक. ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला लागता कामा नये. तेवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवायही पेटतं. दोष गाडीचाच आहे. बेअरिंग उघडी, आणि साखळीचा हूक त्यांच्या अगदी वर, त्यामुळे हाताचं ग्रीस साखळीला, साखळीचं टाकीला. बेअरिंगवर झाकण बसवू आणि हूक वर नेऊ.

भाची : हे बूड चारी बाजूंनी अँगल लावून परातीसारखं केलंय. आषाढात पाणी साचेल ना यात?

मामा : साचतंच, आणि टाकीचा तळ गंजतो. कोपऱ्यांत भोकं पाडू. टाकी धाडकन ठेवली की बूड जिथे कण्यापासून तडकतं, तिथे तिकोनी पट्ट्याही वेल्ड करू. चावीसाठी मात्र हूक नको. गॅस चालू असेपर्यंत ॲसिटिलिनची चावी व्हॉल्व्हवरच राहिली पाहिजे. नळी पेटली तर शोधायला वेळ नसतो. तिला बारीक साखळीने गाडीला बांधून टाकू.

भाची : मग आधी भोकं पाडू की पट्ट्या?

मामा : आधी टाक्या उतरव. वेल्डिंगची ठिणगी आणि अर्थिंगची वायर दोन्ही त्यांच्यापासून लांब पाहिजेत. पलीकडे सावलीत, एकमेकींपासून दूर, दोन्ही उभ्या आणि भिंतीला साखळीने बांधलेल्या. मी तोवर नवा धुरा कापतो. चाकांमधलं अंतर चुन्याने जमिनीवर आखून ठेव, ७५.