हिरवी वाट, तांबडी वाट

मरोळमध्ये राहणाऱ्या मुलांना विमानाचे नवल वाटत नाही. वर्गात कविता चालू असते आणि डोक्यावरून विमान जाते. शिक्षक क्षणभर थांबतात. आवाज विरला की पुढची ओळ वाचतात. सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ १९८१ साली सुरू झाला. जुन्या इमारतीच्या जागी २०१४ साली नवी, भव्य इमारत उभी राहिली. मरोळहून तो इतका जवळ आहे की नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले, तरी टपावर दोरीने बांधलेली खोकी घेऊन जाणारी गाडी दिसते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव लिहिलेले असते. कोणी रत्नागिरीला निघालेला असतो, कोणी औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे.

समजा, तुमचे मामू दोन वर्षांनी दुबईहून येत आहेत. तुम्ही कठड्याबाहेर उभे आहात. विमान उतरल्याचे फलकावर दिसते, पण तासभर झाला तरी मामूंचा पत्ता नाही. आत काय चालले असेल? प्रथम पासपोर्ट तपासला जातो. मग फिरत्या पट्ट्यावरून आपले सामान ओळखून उचलावे लागते. यात बराच वेळ जातो. शेवटी एक दार उरते. तेथे सीमाशुल्क विभागाचे अधिकारी उभे असतात. लोक याला नुसते ‘कस्टम’ म्हणतात. हे शेवटचे पंचवीस-तीस पावलांचे अंतर पार करताना पुष्कळ माणसांची छाती धडधडते. गंमत अशी, की ज्याच्या पेटीत फक्त खजूर आणि मुलांचे कपडे आहेत, त्याचीही धडधडते! आपला या नियमांशी परिचय नसतो, म्हणून ही भीती वाटते. आज आपण तो करून घेऊ.

प्रथम एक शब्द पाहू. ‘जकात’ हा शब्द ऐकताच तुम्हांला रमजान आठवेल, गरिबांचा वाटा आठवेल. मराठीत मात्र याच अरबी शब्दाने वेगळी वाट धरली. मराठीत जकात म्हणजे मालावरचा कर. मुंबईत मुलुंड आणि दहिसर येथे जकातनाके होते. तेथे मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागत. २०१७ साली ही जकात बंद झाली. शहराच्या वेशीवर घेत ती जकात आणि देशाच्या सीमेवर घेतात ते सीमाशुल्क. ‘जप्त’, ‘माल’, ‘जाहीर’ हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत. ‘झडती’ तेवढा नवा वाटेल. उर्दूत आपण ज्याला तलाशी म्हणतो, ती ही झडती.

पण हा कर हवाच कशाला? १६७१ सालची गोष्ट आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि कोकणातल्या मिठाचा धंदा बुडू लागला. तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. बाहेरच्या मालापुढे आपल्या माणसाचा माल टिकावा, हा त्यामागचा विचार होता. सरकारी तिजोरीत भर पडते, ती वेगळीच.

पूर्वी हे दार अधिक कडक होते. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्यावर बंधने घातली होती. देशात सोने महाग आणि आखातात स्वस्त. मग चोरट्या मार्गाने सोने येणारच. गलबतांतून ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरवले जाई. १९९० साली तो कायदा रद्द झाला. १९९२ पासून परदेशात सहा महिने राहून येणाऱ्या भारतीयाला शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. पुढे ही मर्यादा बदलत गेली. हाजी लोक १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजानेही जात. परत येताना जमजमचे डबे, जानमाज आणि तसबी घेऊन ते बंदरावर उतरत, तेव्हा तेथेही सामान तपासले जाई. दारे बदलली, तपासणी तीच राहिली.

आता मामूंकडे परत येऊ. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. ज्याच्याजवळ शुल्क भरण्यासारखे काही नाही त्याने हिरव्या वाटेने जावे. ज्याच्याजवळ आहे त्याने तांबड्या वाटेने जाऊन ते जाहीर करावे. मामूंनी बहिणीसाठी, म्हणजे तुमच्या अम्मीसाठी, मोठा सपाट टीव्ही आणला आहे. ऑगस्ट २०१३ पर्यंत असा टीव्ही ठरावीक किमतीच्या आत असेल तर शुल्काशिवाय आणता येई. तेव्हापासून त्यावर शुल्क द्यावे लागू लागले. २०१६ च्या नियमांनी दुबईसारख्या ठिकाणाहून येणाऱ्यासाठी सामानाची सूट ५०,००० रुपये ठरवली, पण टीव्ही त्या सुटीत धरला नाही. असे आकडे सरकार अधूनमधून बदलते. म्हणून शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी काय आणले होते, यावर विसंबू नये. निघण्यापूर्वी चालू नियम पाहावा.

मामूंच्या मनात येते, एवढे लोक हिरव्या वाटेने चालले आहेत, मीही जावे. कोण पाहतो? पाहणारे असतात. पेट्या यंत्रातून जातात आणि आतील वस्तूंची आकृती पडद्यावर उमटते. पूर्वी संशय आला की पेटीवर खडूने खूण करीत. हिरवी वाट धरली म्हणजे झडती होणार नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही. हिरव्या वाटेत शुल्काचा माल सापडला, तर तो जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो. उलट तांबड्या वाटेने गेले तर हिशेब होतो, शुल्क भरून पावती मिळते आणि टीव्ही खांद्यावर घेऊन बाहेर पडता येते. पैसे जवळ नसतील आणि महिन्याभराने परतच जायचे असेल, तर आणखी एक सोय आहे. वस्तू विभागाकडे ठेवून, जाताना ती परत मागता येते. परंतु कायद्याने ही सोय, खरे जाहीर करणाऱ्यालाच दिली आहे.

झडती घेणाऱ्यावरही बंधने आहेत, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १०२ वे कलम नीट वाचण्यासारखे आहे. अंगझडती घ्यायची असेल तर प्रवासी म्हणू शकतो, “मला आधी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या.” झडतीच्या वेळी दोन किंवा अधिक साक्षीदार, म्हणजे पंच, असावे लागतात. स्त्रीची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. तुमची आपा किंवा फूफी एकटी प्रवास करणार असेल, तर तिला हे आवर्जून सांगा. अधिकाऱ्याशी हुज्जत घालू नये, आवाज चढवू नये, पण शांतपणे हक्क मागायला संकोच कसला?

दागिन्यांच्या बाबतीत बायकांची फार ओढाताण होते. लग्नात मिळालेल्या बांगड्या घालून एखादी परदेशी जाते. परत येताना प्रश्न येतो, या इथून नेलेल्या की तिकडे घेतलेल्या? सोन्यावर तारीख लिहिलेली नसते. म्हणून जातानाच विमानतळावर त्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवून निर्यातीचा दाखला घ्यावा. येताना तो कागद पुढे केला की वाद मिटतो. माझ्या ओळखीच्या एक बाई हा दाखला कुराणशरीफच्या रेशमी बस्त्याशेजारी जपून ठेवतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे पुडके. परगावी दोन वर्षे एका खोलीत राहिलेला माणूस निघताना म्हणतो, “भाई, एवढा डबा माझ्या घरी पोचवा.” नाही कसे म्हणावे? पण जप्ती झाली तर कायदा प्रथम विचारतो तो ज्याच्या हातात डबा आहे त्यालाच. मरोळचे एक वयस्क गृहस्थ जेद्दाहमध्ये ड्रायव्हर होते. निघण्याच्या आदल्या रात्री असा एक डबा त्यांच्यापुढे आला. त्यांनी चाकू मागवला, देणाऱ्यासमोरच डबा फोडला, सारा माल ताटात ओतला आणि पुन्हा भरला. खरोखरच खजूर होते. देणारा दोन दिवस रुसला, पण त्याच्या आईला खजूर वेळेवर मिळाले.