योग्य शब्द

मालेगावच्या एका उर्दू शाळेतील ही गोष्ट. मराठीच्या बाईंनी नववीच्या वर्गाला ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. एका मुलाने लिहिले, ‘माझे अब्बा यंत्रमागावर काम करतात. ते फाजील आहेत. रात्री घरी येऊन ते चैन करतात. तरीही मोहल्ल्यातले लोक त्यांना उधळ्या म्हणतात.’

बाईंनी मुलाला जवळ बोलावले.

‘अब्बा विद्वान आहेत, असे तुला म्हणायचे आहे ना?’

‘हो बाई. ते खूप वाचतात. कामावरून आल्यावर थोडा आराम करतात.’

‘पण मराठी माणसाला यातून भलताच अर्थ कळेल,’ असे म्हणून बाई फळ्याकडे वळल्या.

‘मुलांनो, खर्च, जमा, बाकी, कर्ज हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. काहींचे अर्थ मात्र बदलले. उर्दूत फाजील म्हणजे विद्वान. मराठीत फाजील म्हणजे गरजेपेक्षा जास्त. जसे, फाजील खर्च, फाजील लाड. उर्दूतील फुजूल आणि फाजील या शब्दांचे अरबी मूळ एकच आहे. उर्दूत चैन म्हणजे आराम. मराठीत चैन करणे म्हणजे मौजमजेवर पैसा खर्च करणे.’

‘आणि उधळ्या?’ मुलाने विचारले.

‘उधळणे म्हणजे विखरून टाकणे. मिरवणुकीत गुलाल उधळतात, तसा पैसा उधळणारा तो उधळ्या. त्याच्या वागण्याला उधळपट्टी म्हणतात. उर्दूत तुम्ही तब्जीर म्हणता. त्या शब्दाच्या मुळाशीही बी विखुरणे हाच अर्थ आहे. इस्राफ म्हणजे मर्यादा ओलांडणे. त्याला मराठीत वारेमाप खर्च म्हणता येईल.’

मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘अब्बांनी आपाच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज काढले. लोक म्हणतात, मुलीवर पैसे उधळले.’

वर्ग शांत झाला. बाई म्हणाल्या, ‘बी रस्त्यावर फेकले तर वाया जाते. तेच शेतात टाकले तर त्याला पेरणी म्हणतात. ज्याला फार पैसे लागतात, ते खर्चिक. शिक्षण खर्चिक असेल, पण म्हणून ती उधळपट्टी होत नाही.’

एका मुलीने विचारले, ‘पण बाई, कर्ज तर झालेच ना? अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण शिकलो.’

‘बरोबर आहे. म्हणून हिशेबही पाहावा लागतो,’ बाई म्हणाल्या. ‘बाळ, अब्बा कर्ज कसे फेडतात?’

‘दर महिन्याला हप्ता भरतात. पान-सुपारी सोडली. दोन वर्षे ईदला स्वतःसाठी नवे कपडे घेतले नाहीत.’

‘याला काटकसर म्हणतात. काटकसरी माणूस गरजेसाठी पैसा वाचवतो. कंजूष माणूस गरज असली तरी पैसा सोडत नाही. माणसाला चुकीचा शब्द लावला, तर त्याच्यावर अन्याय होतो.’

मुलाने निबंध पुन्हा लिहिला : ‘माझे अब्बा विद्वान आहेत. ते काटकसरी आहेत. आपाच्या शिक्षणासाठी मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही.’

रात्री त्याने तो अब्बांना वाचून दाखवला. अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शेवटचे वाक्य पुन्हा वाच.’

शब्दार्थ
उधळ्या – फुजूलखर्च करणारा
वारेमाप – बेसुमार
काटकसर – किफायत
हात आखडता घेणे – खर्च करताना मागेपुढे पाहणे
अंथरूण पाहून पाय पसरावे – मिळकत पाहून खर्च करावा

स्वाध्याय
१. ‘फाजील’ आणि ‘चैन’ या शब्दांचे उर्दू व मराठी अर्थ लिहा.
२. फरक सांगा : (अ) खर्चिक – उधळ्या (आ) काटकसरी – कंजूष
३. लोक अब्बांना उधळ्या का म्हणत होते? तुम्हांला ते पटते का? कारण लिहा.
४. आपल्या घरातील एका महिन्याचा जमाखर्च मोठ्यांना विचारून मराठीत लिहा.