संगणकाच्या पोटात संगणक

१९ जुलै २०२४ चा दिवस तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशी जगभरच्या अनेक विमानतळांवर, बँकांत आणि रुग्णालयांत संगणकांचे पडदे एकाएकी निळे पडले. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे हे घडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते.

दोष काही तासांतच सापडला. उपायही सोपा होता : संगणक विशिष्ट पद्धतीने सुरू करायचा आणि ती फाइल काढून टाकायची. मग अनेक ठिकाणी गाडी रुळावर यायला कित्येक दिवस का लागले? कारण जो संगणक सुरूच होत नाही, त्याला दुरून दुरुस्त कसा करणार? बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक टेबलापाशी जाऊन तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागले.

दर टेबलावर एक स्वतंत्र संगणक ठेवण्याची किंमत काय असते, ते त्या दिवशी सर्वांना दिसले. यावर तंत्रज्ञांनी शोधलेल्या दोन युक्त्या आज आपण समजून घेऊ आणि त्या दोन्ही एकत्र केल्या की काय साधते, तेही पाहू.

दोनशे टेबलांचे कार्यालय

समजा, एका कार्यालयात २०० कर्मचारी आहेत. कोणी हिशेब लिहितो, कोणी पगारपत्रक करतो, कोणी नकाशे काढतो. प्रत्येकाच्या संगणकात तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज किंवा लिनक्स ही नावे तुम्हांला ठाऊकच आहेत. दुसरी म्हणजे कामाचे प्रोग्रॅम आणि तिसरी म्हणजे त्या माणसाची स्वतःची कागदपत्रे व आवडीनिवडी.

या तिन्ही गोष्टी एकाच चकतीवर एकमेकींत मिसळलेल्या असतात. डाळ, तांदूळ आणि मीठ एकदा खिचडीत शिजले की वेगळे करता येत नाहीत, तसेच हे आहे. एक बदलायला जावे तर दुसरीला धक्का लागतो. शिवाय यंत्र बिघडले, चोरीला गेले किंवा जळाले, तर तिन्ही एकदम जातात.

पहिली युक्ती : यंत्रातले यंत्र

एखाद्या नाट्यगृहाचा विचार करा. तिथे एकाच दिवशी सकाळी बालनाट्य, दुपारी विनोदी नाटक आणि रात्री संगीत नाटक होते. मंच एकच, दिवे तेच. तरीही प्रयोग चालू असताना प्रत्येक नाटकमंडळीला वाटते, की सारे नाट्यगृह आपलेच आहे. मंच कोणाला केव्हा द्यायचा, हे व्यवस्थापक ठरवतो.

संगणकातही असाच व्यवस्थापक नेमता येतो. त्याला हायपरव्हायझर म्हणतात. मोठ्या संगणकाचा वेळ आणि स्मृती यांचे वाटे करून तो अनेक ‘आभासी संगणक’ तयार करतो. प्रत्येक आभासी संगणकात स्वतंत्र कार्यप्रणाली चालते आणि तिला वाटते, की आपण खऱ्या यंत्रावरच आहोत. तिने साधी बेरीज-वजाबाकी केली, तर ती थेट खऱ्या प्रक्रियकावर होते. पण तिने इतरांना बाधेल अशी आज्ञा दिली, उदाहरणार्थ साऱ्या यंत्राची स्मृती नव्याने वाटण्याची, तर प्रक्रियक तिथेच थांबतो आणि सूत्रे व्यवस्थापकाच्या हाती देतो. व्यवस्थापक त्या आज्ञेचा परिणाम फक्त तिच्या वाट्यापुरता घडवून आणतो. नाटकात दिवे तीन तासांनी बदलतात, इथे पाळी एका सेकंदात शेकडो वेळा बदलते. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला सारे एकाच वेळी चालल्यासारखे दिसते.

ही कल्पना अजिबात नवी नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली ‘सीपी-४०’ नावाची प्रणाली चालू झाली. तिने एकाच संगणकाचे १४ आभासी संगणक केले. तेव्हा संगणक खोलीभर मोठा आणि फार महाग असे, म्हणून तो वाटून घेणे भागच होते. १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. पुढे १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी, कोणत्या प्रकारच्या प्रक्रियकावर असे आभासी यंत्र नीट उभे राहू शकेल, याच्या अटी गणिती काटेकोरपणाने मांडल्या.

१९८१ मध्ये आयबीएमचा छोटा संगणक बाजारात आला आणि संगणक टेबलाटेबलावर पोहोचला. त्याचा प्रक्रियक मात्र त्या अटींत बसत नव्हता. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये, अडचणीच्या आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती वापरून त्यावर मात केली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रक्रियकातच तशी सोय केली आणि वाट मोकळी झाली.

आता आपल्या कार्यालयाकडे वळू. २०० कर्मचाऱ्यांचे २०० आभासी संगणक एका खोलीतल्या काही मोठ्या सर्व्हरवर चालवायचे. टेबलावर राहील तो फक्त पडदा, कळफलक, माउस आणि एक लहानशी पेटी. कळ दाबली की तिची वर्दी सर्व्हरकडे जाते आणि पडद्यावरचे चित्र परत येते. टेबलावरची पेटी फुटली तर दुसरी जोडायची. काम जिथे थांबले होते, तिथूनच पुढे चालू होते. पेटी चोरीला गेली तरी चोराच्या हाती एकही कागद लागत नाही.

चित्र पाठवणे परवडते का?

इथे एक छोटे गणित करू. पडद्यावर १९२० × १०८० ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात. सेकंदाला ३० चित्रे पाठवायची तर

१९२० × १०८० × २४ × ३० = १,४९,२९,९२,०००

म्हणजे एका टेबलासाठी सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट! हे परवडणारे नाही. पण तुम्ही एक अक्षर टंकता तेव्हा पडद्यावर बदलते किती? समजा, २० × २० ठिपक्यांचा एक चौकोन. त्याला फक्त ९,६०० बिट लागतात. म्हणून जेवढे बदलले तेवढेच, आणि तेही दाबून लहान करून पाठवतात. पत्रे आणि हिशेब यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. सारा पडदा सतत बदलणारी चलच्चित्रे मात्र तिच्यावर मोठा भार टाकतात.

दुसरी युक्ती : पेटीतला प्रोग्रॅम

पहिल्या युक्तीने संगणक एका खोलीत आले, पण खिचडी तशीच राहिली. पगारपत्रकाचा जुना प्रोग्रॅम एखाद्या साहाय्यक फाइलची जुनी आवृत्ती मागतो. हिशेबाचा नवा प्रोग्रॅम त्याच नावाच्या फाइलची नवी आवृत्ती मागतो. एका जागी एका नावाची एकच फाइल राहू शकते. नवी ठेवली तर महिनाअखेरीस पगार अडतात, जुनी ठेवली तर हिशेब अडतात.

यावर उपाय असा, की प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या लागणाऱ्या सर्व फाइलींसह एका पेटीत बंद करायचे. प्रोग्रॅमने फाइल मागितली की मधला पहारेकरी आधी पेटीत पाहतो. तिथे असेल तर तीच देतो, नसेल तर कार्यप्रणालीकडची देतो. प्रोग्रॅमला काही लिहायचे असेल आणि ते कार्यप्रणालीच्या फाइलींत ढवळाढवळ करणारे असेल, तर पहारेकरी ते पेटीच्या बाजूच्या वेगळ्या कप्प्यात लिहून घेतो. प्रोग्रॅमला वाटते, आपण कार्यप्रणालीतच लिहिले. प्रत्यक्षात ती कोरी करकरीत राहते. दोन भांडखोर प्रोग्रॅम आता शेजारी शेजारी सुखाने नांदतात. सॉफ्ट्रिसिटी कंपनीचे या पद्धतीचे तंत्र मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये कंपनीसह विकत घेतले.

या दोन युक्त्यांत फरक काय, ते नीट ध्यानात घ्या. पहिलीत यंत्राचा आभास कार्यप्रणालीला होतो. दुसरीत कार्यप्रणालीचा आभास प्रोग्रॅमला होतो.

दोन्ही एकत्र : घरी करून पाहा

टेबलावर महाराष्ट्राचा एक छापील नकाशा ठेवा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त लोहमार्ग काढा. दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर फक्त नद्या काढा. तिसऱ्यावर तुमच्या गावाची खूण आणि तुमच्या टिपा लिहा. तिन्ही कागद नकाशावर ठेवले की एकच पूर्ण नकाशा दिसतो. मूळ नकाशावर मात्र एकही रेघ उमटलेली नाही. मैत्रिणीला नद्या नको असतील तर तो कागद तिने उचलून ठेवावा.

मूळ नकाशा म्हणजे कार्यप्रणालीची एकच आदर्श प्रत. लोहमार्ग आणि नद्या म्हणजे पेटीतले प्रोग्रॅम. तुमच्या टिपा म्हणजे तुमची कागदपत्रे. कर्मचारी सकाळी आपले नाव व परवलीचा शब्द देतो, तेव्हा सर्व्हर आदर्श प्रतीवरून त्याच्यासाठी आभासी संगणक उभा करतो, त्याच्या कामाचे प्रोग्रॅम त्यावर ठेवतो आणि सर्वांत वर त्याची कागदपत्रे ठेवतो. खिचडीतले तीन जिन्नस आता तीन डब्यांत राहतात.

याचा फायदा आकड्यांत पाहू. समजा, कार्यप्रणालीला ४० जीबी जागा लागते. २०० स्वतंत्र प्रतींना २०० × ४० = ८,००० जीबी लागतील. एकच प्रत सर्वांनी वाचली आणि प्रत्येकाचे बदल ३ जीबीच्या वेगळ्या कागदावर लिहिले, तर ४० + २०० × ३ = ६४० जीबी पुरतील.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. कार्यालयात १२ प्रोग्रॅम आहेत आणि प्रत्येक प्रोग्रॅम एखाद्याला हवा किंवा नको असू शकतो. मग निरनिराळ्या जुळण्या २ चा १२ वा घात, म्हणजे ४,०९६ होऊ शकतात. प्रत्यक्षात २० प्रकारची कामे आहेत असे धरले, तरी प्रोग्रॅम आतच शिजवलेल्या २० आदर्श प्रती सांभाळाव्या लागतील. सर्वांना लागणारा एखादा प्रोग्रॅम सुधारायचा तर २० ठिकाणी हात घालावा लागेल. युक्त्या एकत्र केल्या तर १ आदर्श प्रत आणि १२ पेट्या पुरतात, आणि सुधारणा एकाच पेटीत करावी लागते.

नाण्याची दुसरी बाजू

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे पुन्हा जाऊ. या पद्धतीच्या कार्यालयात सदोष फाइल आली असती तर काय झाले असते? ती आदर्श प्रतीत शिरली, तर २०० जण एकदम अडले असते! त्या दिवशी सर्व्हरवरचे आभासी संगणकही मोठ्या संख्येने बंद पडले होतेच. दोष टाळण्याची हमी ही पद्धत देत नाही. पण कालची चांगली आदर्श प्रत जपून ठेवली असेल, तर ती पुन्हा लावून सर्वांना मूळपदावर आणता येते. दोनशे टेबलांपाशी जावे लागत नाही. शहाणे व्यवस्थापक आणखी एक काळजी घेतात : नवी प्रत आधी पाच-दहा जणांना देतात आणि ती नीट चालल्यावरच सर्वांना देतात.

इतर अडचणीही आहेत. सकाळी दहाच्या ठोक्याला सर्वजण एकदम संगणक सुरू करतात आणि चकतीवर झुंबड उडते. म्हणून काही यंत्रे लोक येण्याआधीच सुरू करून ठेवतात. सर्व्हर किंवा तारांचे जाळे बंद पडले तर सारे कार्यालय बसून राहते, म्हणून दोन्ही दुहेरी ठेवावे लागतात. अंतराचाही प्रश्न आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन येऊन २,००० किलोमीटरना एक शतांश सेकंद लागतो. एवढा उशीर जाणवत नाही. पण वाटेतल्या यंत्रांची भर पडून तो दशांश सेकंदावर गेला, की टंकणाऱ्याला खटकू लागतो.

म्हणून ‘सगळीकडे हेच वापरा’ असे कोणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. जिथे माणसे पुष्कळ, कामे ठरावीक आणि कागदपत्रे जोखमीची, तिथे ही पद्धत शोभते. ज्या गावात जाळे वरचेवर तुटते, तिथे टेबलावरचा स्वतंत्र संगणकच बरा.

तुम्हीच सोडवा

१. एका शाळेच्या प्रयोगशाळेत ३० संगणक आहेत. कार्यप्रणालीला ३० जीबी लागतात आणि प्रत्येकाचे बदल २ जीबीचे आहेत. एकच आदर्श प्रत वापरली तर किती जागा वाचेल?

२. कर्मचाऱ्याची कागदपत्रे आदर्श प्रतीतच ठेवली, तर कालची प्रत परत लावताना काय होईल?

३. तुमच्या शाळेतला एखादा संगणक सुरू होईनासा झाला तर काय काय गमवावे लागेल, याची यादी करा. तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहा : नकाशा, लोहमार्ग की टिपा?

(उत्तरे : १. ९०० − ९० = ८१० जीबी. २. कालनंतरचे सारे लिखाण पुसले जाईल. म्हणूनच तिसरा डबा वेगळा ठेवायचा. ३. आपल्या शिक्षकांबरोबर चर्चा करा. ‘टिपा’ म्हणून लिहिलेल्या ज्या गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नाही, तिची प्रत आजच करून ठेवा.)