गुंडीचा देठ

स्वातंत्र्यदिनाचा आदला दिवस होता. गोंदिया जिल्ह्यातील एका लहानशा गावी भाताची रोवणी नुकतीच आटोपली होती. सातव्या इयत्तेतील एक मुलगा ओसरीवर खिन्न होऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी ध्वजवंदनाच्या वेळी संचलनाच्या आज्ञा देण्याचा मान त्याला मिळाला होता; आणि त्याच्या एकुलत्या एका पांढऱ्या सदऱ्याची छातीवरची गुंडी तुटून पडली होती. जाताना तिने कापडाचा लहानसा तुकडाही ओढून नेला होता.

“आजी, उद्यापुरती टाचणी लावून भागवतो,” तो म्हणाला.

आजीने सदरा हाती घेऊन ते भोक न्याहाळले. “मागच्या खेपेस ही गुंडी कोणी लावली होती रे?”

“मीच. चांगली घट्ट आवळून लावली होती.”

“तेथेच चुकलास, बाळा. घट्ट लावलेली गुंडी कापडाला खाते.”

आजीचे बोलणे अगदी खरे होते. गुंडी काजातून बाहेर आली, की तिच्या खाली काजपट्टीची जाडी मावली पाहिजे. तेवढी जागा न ठेवता गुंडी कापडाशी आवळली, तर हात हलविताना प्रत्येक वेळी खालच्या कापडास हिसका बसतो. दोरा मजबूत आणि कापड जुने असेल, तर दोरा तुटत नाही, कापडच फाटते. म्हणून फुलाला जसा देठ असतो, तसा गुंडीलाही दोऱ्याचा देठ ठेवावा लागतो.

मुलाने सुईचे नेढे उजेडाकडे धरून दोरा ओवला. दोरा हातभरच घेतला. फार लांब दोरा गुंततो. तो दुहेरी करून टोकास गाठ मारली. आजीच्या सांगण्यावरून त्याने भोकाच्या आतल्या बाजूस जुन्या कापडाचा तुकडा ठेवून बारीक टाक्यांनी पक्का केला. मग त्यावर गुंडी ठेवली आणि गुंडीवर काडेपेटीतील एक काडी आडवी धरली. काडीवरून टाके घेत प्रत्येक छिद्रातून दोरा चार-पाच वेळा नेला. नंतर काडी काढून घेतली व गुंडी वर उचलली, तेव्हा तिच्याखाली दोरा सैल झाला. त्या सैल दोऱ्याभोवती दोऱ्याचेच चार वेढे दिले. देठ तयार झाला. शेवटी सुई मागे नेऊन दोन लहान टाके घातले आणि दोरा कापला.

वस्त्र अंगावर स्थिर ठेवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. पूर्वी महाराष्ट्रात बारा बंदांनी बांधावयाचा अंगरखा वापरीत. त्यास बाराबंदी म्हणत. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त आजही शुभ्र बाराबंदी घालतात. गोंदिया जिल्ह्यातच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ, 1972 साली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत वसली. तिबेटी लोकांचा छुपा हा पायघोळ पोशाख कमरेला पट्ट्याने आवळून बांधतात. तान्ह्या बाळाच्या झबल्याला बंद बरे, कारण ते कोवळ्या अंगाला टोचत नाहीत. चोळीला हूक आणि दोऱ्याचा फास लागतो; जेथे ताण थोडा असतो, तेथे टिचबटण पुरते. ताण किती व कोठे पडतो, हे पाहूनच बंद, गुंडी किंवा हूक निवडावा.

गुंडीइतकेच महत्त्व काजाला आहे. कापड नुसते कापून ठेवले, तर कडेच्या दशा निघू लागतात. म्हणून कापलेल्या कडेने काजटाका घालतात. प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा लहानसा पीळ पडतो व त्या पिळांची ओळ कडेचे रक्षण करते.

हाच टाका शोभेच्या कामीही येतो. बंजारा स्त्रियांच्या वस्त्रांवर कवड्या आणि लखलखणारे आरसे तुम्ही पाहिले असतील. आरशाला तर छिद्र नसते. मग तो कापडावर राहतो कसा? प्रथम आरशावरून दोन उभे व दोन आडवे धागे टाकून चौकट करतात. मग त्या चौकटीचे धागे व कापड यांना गुंतवीत आरशाभोवती काजटाक्यासारखे टाके घालतात. पाहणाऱ्याला आरसा दिसतो. त्याला धरून ठेवणारी चौकट टाक्यांखाली लपून जाते.

सकाळी शाळेच्या मैदानावर त्या मुलाचा आवाज खणखणीत घुमला. ध्वजाला वंदन करताना त्याचा हात झपकन वर गेला. सदरा ताणला गेला, पण गुंडी जागची हलली नाही. तिच्याखालचा देठ कोणाला दिसत नव्हता. तो तेथे आहे, हे मात्र त्या मुलाला ठाऊक होते.

अभ्यास

1. घट्ट लावलेली गुंडी कापडाला खाते, असे आजी का म्हणाली?
2. छिद्र नसलेला आरसा कापडावर कसा बसवितात?
3. नेढे, दशा, काज, देठ हे शब्द वाक्यांत योजा.
4. घरातील एका जुन्या कपड्याला देठ ठेवून गुंडी लावा व केलेली कृती क्रमाने लिहा.