थकवा अंगावर काढू नका

दोन दिवस माहेरी जाऊन आलं, चार तास जास्तीची झोप काढली आणि ताजंतवानं वाटलं, तर तो कष्टाचा थकवा. त्याची काळजी करू नये. पण रात्रभर झोपूनही सकाळी उठवत नाही, दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून येतात, एक जिना चढला की धाप लागते आणि असे आठवड्यामागून आठवडे जातात, तेव्हा कारण शोधायलाच हवं. हा दुसऱ्या जातीचा थकवा मी चाळिशी ओलांडल्यावर काही वर्षं भोगला. त्याचं मूळ सापडायला माझा जेवढा काळ गेला तेवढा इतर कुणाचा जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमचे दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर. तिथवर गेलं की फळ्याकडे तोंड करून मी श्वास जुळवून घ्यायची, मग बोलायला सुरुवात. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे यायचे. खाली वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. केस हातात यायचे. आणि तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकावेसे वाटायचे, इतके की डब्याजवळून जाताना हात आपोआप आत जाई. या शेवटच्या गोष्टीचा थकव्याशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असं काहीबाही खावंसं वाटणं हे शरीरातलं लोह कमी झाल्याचं ओळखीचं लक्षण आहे. लोह भरून आलं की ती वासनाही जाते. माझी गेली. घरात कुणी मुलगी पाटीची पेन्सिल खाताना दिसली, तर तिला रागावण्याआधी तिचं रक्त तपासा.

भोवतालची माणसं आपापल्या परीनं कारणं सांगत होती. वय झालं. शाळा आणि घर, दोन्हीकडची ओढाताण. जास्त विचार करतेस. ही कारणं खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती घातक होती. प्रत्येक बाईच्या आयुष्यात ती कायमचीच असतात, त्यामुळे त्यांच्या आड दुसरं काही लपलं तर कळत नाही.

मग आपल्याकडचा नेहमीचा उपाय झाला: एक सलाईन लावून येणं. गावोगाव अशक्तपणावर ‘ताकदीची बाटली’ चढवून घेतली जाते आणि उठल्यावर जरा बरंही वाटतं. त्या बाटलीत काय असतं ते समजून घ्या. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण १०० कॅलरी. एका भाकरीतही तेवढ्या मिळतात. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलेल्या माणसाला सलाईन जीवदान देतं, यात शंका नाही. पण रोजच्या थकव्यावर त्यात औषध नाही. बरं वाटतं ते तासभर आडवं पडल्यामुळे आणि कुणीतरी आपली दखल घेतल्यामुळे.

शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.९. गरोदर नसलेल्या बाईला ते किमान १२ हवं, पुरुषाला १३. श्वासातला प्राणवायू अवयवांपर्यंत पोचवायचा तो या हिमोग्लोबिननं. तेच तिसऱ्या हिश्शानं कमी असेल तर हृदयाला जास्त वेगानं धावावं लागतं. छातीत धडधडतं ते त्यामुळे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आकडा ११ च्या वर गेला, मला हुशारी आली, गोळ्या थांबल्या. आणि काही महिन्यांत पुन्हा तेच.

इथे खरी गोष्ट सुरू होते. ‘थकवा का?’ या प्रश्नाला ‘रक्त कमी’ हे उत्तर मिळालं होतं. ‘रक्त कमी का?’ हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. तो विचारला पुढे भेटलेल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी. पाळी किती दिवस चालते? गाठी पडतात का? रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का? तास-दोन तासांत पॅड भिजतं का? माझी सगळी उत्तरं ‘हो’ होती. आमच्या घरात आईचं, मावशीचं, सगळ्यांचंच अंगावरून जास्त जायचं. त्यामुळे तेच रीतीचं, अशी समजूत होती आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली.

बाईंनी मला हिशेब मांडून दाखवला. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५० मिलिग्रॅम लोह असतं. आणि शरीर रोजच्या अन्नातून लोह शोषतं ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणं हे वैद्यकशास्त्रानुसार ‘जास्त’. म्हणजे महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह तिथूनच गेलं. त्याहून जास्त जात असेल तर ताटातून ते भरून निघणं जवळजवळ अशक्य. मग बीट आणि डाळिंबाचा रस पिऊन काय होणार? बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढत नाही. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमच्या आसपासच असतं, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. बीट जरूर खा, पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

गाठ निघाली म्हणताच ‘पिशवी काढून टाका, झंझट मिटेल’ असा सल्ला नात्यातून आला. माझा याला ठाम विरोध आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी काढणं काही जणींना खरोखर गरजेचं असतं, पण तो शेवटचा पर्याय. त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं संप्रेरकाचं साधन आहे, नुसती गाठ काढण्याची शस्त्रक्रिया आहे. माझं काम त्या साधनावर भागलं. एक लक्षात ठेवा, साधी तांबी वेगळी, तिनं स्राव उलट वाढू शकतो. तांबी बसवल्यापासून जास्त जात असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण बहुतेक बायका त्या मध्येच सोडतात. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना विचारा, ते दिवसाआड घ्यायला सांगतात किंवा बदलून देतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. आणि हिमोग्लोबिन पुरेसं झालं की थांबायचं नसतं. पुढे साधारण तीन महिने चालू ठेवायची, कारण रक्त भरलं तरी शरीरातली शिल्लक भरायची असते. ती शिल्लक फेरिटिनच्या तपासणीत कळते. हिमोग्लोबिन १२ असून फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं आणि तेव्हाही थकवा येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलं तर ही तपासणी झाली का, ते विचारा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! म्हणून ‘बायकांचं चालायचंच’ असं म्हणतात. मला हे वाक्य ऐकवत नाही.

पण प्रत्येक थकवा लोहाचा नसतो. शाकाहारी घरांत बी १२ हे जीवनसत्त्व फार कमी असतं, कारण ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं, भाजीपाल्यातून नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी १२ कमी निघालं. तळपायांना मुंग्या येणं, जीभ लाल होऊन झोंबणं, विसरायला होणं ही त्याची लक्षणं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर ते तपासावंच. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा आकडा सुधारतो, पण बी १२ अभावी नसांची हानी आत चालू राहते. म्हणून मनानं गोळ्या घेऊ नका. तसंच लहान तांबड्या पेशी दिसल्या म्हणजे लोहच कमी, असंही नाही. थॅलेसेमियाच्या वाहकातही त्या लहान असतात आणि कमतरता नसताना त्याला लोह देत राहणं अपायकारक ठरतं.

थंडी सोसवत नाही, वजन वाढतं, त्वचा कोरडी पडते, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखर बघा. नवरा रात्री मोठ्यानं घोरतो, मध्येच श्वास अडकतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, तर त्याला झोपेच्या आजारासाठी दाखवा. संध्याकाळी कणकण, खोकला, वजनात घट असेल तर क्षयाची तपासणी. कशातच मन लागत नाही, रडू येतं, पहाटे जाग येते, तर तो थकवा मनाच्या आजाराचा असू शकतो आणि त्यालाही औषध आहे. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर मात्र गोळ्या देऊन मोकळं होऊ नका. रक्त कुठून तरी जातंय, बहुधा पोटातून किंवा आतड्यातून. मूळव्याध, वेदनाशामक गोळ्यांनी झालेला अल्सर, कधी कर्करोगही असतो. शोध घ्यायला लावा.

मूळ सापडून उपचार सुरू झाले की मग स्वयंपाकघराचा खरा उपयोग. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह अडवतात. चहा सोडायची गरज नाही, वेळ बदला. मटकी, मूग मोड आणून खा आणि उसळीवर लिंबू पिळा. मोड आल्यानं आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह जास्त अंगी लागतं. आमटी लोखंडी कढईत करा. हळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीचे नाहीत. उपासांचंही बघा: साबुदाण्यात जवळजवळ नुसतं पिष्ट असतं, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि लोहही थोडंच. आठवड्यातून दोन उपास धरणारीनं निदान राजगिरा, दाणे, दूध पोटात जाईल असं पाहावं. आणि सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाण्याची रीत ज्या घरात असेल, तिथे ती बंद करा. हे घरच्या पुरुषांना उद्देशून आहे.

रक्त वाढेपर्यंत बळंच चालायला किंवा व्यायामाला जाऊ नका. धाप कमी झाली की मग हळूहळू सुरुवात करा. बसल्या जागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी मोफत होते आणि लोहाच्या गोळ्याही मोफत मिळतात. जाताना पाळीच्या तारखा, चालू असलेली औषधं आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या. आकडा कमी निघाला तर गोळ्या घेऊन लगेच उठू नका. तो कमी का झाला, हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.