काळ्या मातीतील कणांची ठेवण व जमिनीची हालचाल

जमिनीस दप्तरात आपण स्थावर म्हणतो. परंतु पंचगंगेच्या व कृष्णेच्या काठची भारी काळी जमीन दरसाल हालते, हे ज्याने वैशाखात तिच्या भेगेत काठी घालून पाहिली आहे त्यास सांगावयास नको. ही हालचाल मातीच्या पोटात कोणती खूण ठेवते व ती लोहचुंबकाच्या साह्याने कशी वाचता येते, हा विषय आमच्या शेतकरीबंधूंपुढे मांडण्याचे योजिले आहे.

चिकणमातीचा कण वाळूच्या कणासारखा गोल नसून अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा चपटा असतो. संथ पाण्यातून गाळ खाली बसतो तेव्हा हे पापुद्रे पत्रावळींच्या गठ्ठ्याप्रमाणे एकावर एक आडवे पडतात. सन २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर मळीच्या शेतांत राहिलेल्या गाळाची वाळलेली खपली ज्यांनी मोडून पाहिली असेल, त्यांच्या ध्यानी हे थर आले असतील. पुढे त्या गाळावर बाजूने दाब आला किंवा तो घसरला, म्हणजे पापुद्र्यांची मांडणी बदलते. डोळ्यांस मात्र माती पूर्ववत एकजीव दिसते.

येथे चुंबक उपयोगी पडतो. आमची काळी माती काळवत्री दगडाची झीज होऊन झाली, व त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. वाळलेली माती कुटून तीत कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवावा. बारीक काळे कण कागदास चिकटतात. अशा मातीचा लहान ठोकळा सौम्य चुंबकीय क्षेत्रात धरल्यास तो किंचित प्रतिसाद देतो, आणि कण एका रीतीने पडलेले असल्यास हा प्रतिसाद सर्व दिशांनी सारखा नसतो. आडव्या थरांच्या गाळात तो थराच्या पातळीत अधिक व उभ्या दिशेने सर्वांत कमी असतो. स्वीडनमधील गुस्ताफ इसिंग यांनी १९४२ च्या सुमारास तेथील थरांच्या चिकणमातीत हे मोजले. जॉन ग्रॅहम यांनी १९५४ साली खडकांची घडण ओळखण्यास या गुणाचा उपयोग सुचविला. सर्वांत कमी प्रतिसादाची दिशा ओळंब्यात असेल तर गाळ बसला तसाच आहे. ती कलली, नमुन्यानमुन्यांत विखुरली, आणि सर्वांत अधिक प्रतिसादाची दिशा एका रेषेत जमू लागली, तर मातीवर दाब आल्याचा संशय घ्यावा. वाहत्या पाण्यातही कण रेषेत लागतात, म्हणून केवळ रेषा पाहून निकाल देऊ नये.

मृत समुद्राकाठी जुन्या सरोवराच्या गाळात मातीने भरलेल्या उभ्या भेगा आहेत. त्या वरून पडलेल्या मातीने भरल्या, की भूकंपाच्या धक्क्याने खालचा गाळ उसळून भरल्या, हा भेद संशोधकांनी याच रीतीने केला. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्या शेजारीच झाला असल्याने हा प्रश्न आपणांस परका नाही.

परंतु आमची काळी माती भूकंपावाचूनही स्वतःस पिळते. तीतील माँटमोरिलोनाइट जातीची चिकण पाणी पिऊन फुगते व वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात भेगांत वरची माती पडते. पावसाळ्यात फुगण्यास जागा उरत नाही, म्हणून ढेकूळ ढेकळावर घासून सरकते. हात-दोन हात खोल खणल्यास तिरकी, तुळतुळीत, जणू साबण लावून घासलेली पृष्ठे दिसतात.

आम्ही महसुलाच्या चाकरीत असता एका गावी दोघा चुलतभावांत बांधाचा तंटा लागला. हद्दीचा दगड कललेला होता. पंचनाम्यात आम्ही 'दगड हलविलेला दिसतो' असे लिहिले. कोणी हलविला हे लिहिले नाही, तरी वाचणाऱ्याने ते वाचले. भावाभावांचे बोलणे तुटले ते तुटलेच. काही वर्षांनी त्याच बांधालगत नळासाठी चर खणला, तेव्हा ती तिरकी पृष्ठे आम्ही डोळ्यांनी पाहिली. फुगणारी जमीन खांब व दगड कलविते, हे पूर्वी आम्हांस ठाऊक नव्हते. तो दगड माणसाने हलविला की मातीने, हे आता ठरणे नाही. 'कललेला' एवढेच लिहिले असते तर पुरे होते.

आणखी एक सावधगिरी. आपल्या मातीत चुंबकाचे उत्तर मुख्यतः लोहकणांचे असते, चिकणकणांचे नव्हे. म्हणून मातीची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली, अथवा क्ष-किरणांनी, पापुद्र्यांची ठेवणही तपासावी लागते. दोन्ही साक्षी जुळल्या तरच विश्वास ठेवावा.

ज्यांस एखाद्या प्रयोगशाळेकडे नमुना धाडावयाचा असेल त्यांनी नांगर, मुळे व गांडुळे यांनी ढवळलेला थर सोडून त्याखालील माती घ्यावी. डबी ठोकून आत घुसवू नये, कारण त्याने कडेचे कण वळतात. धारदार सुरीने ठोकळा कापून काढावा. कापण्यापूर्वीच त्यावर उत्तर दिशेचा बाण व वरची बाजू शाईने दाखवावी. हे काम मार्गशीर्षाच्या सुमारास, माती ओलसर असता करावे. वैशाखात ठोकळा हातात येईपर्यंत फुटतो.