हजेरीपट व स्वयंचलित संदेश

हेतू.— एका ठिकाणी केलेली नोंद संबंधित शिक्षकांच्या गटास आपोआप कळावी, अशी योजना कशी आखावी व तिची मर्यादा कोणती, हे या पाठात पाहावयाचे आहे.

प्रसंग.— दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा नांदगाव पेठच्या शिवारात कपाशीची वेचणी चालू असते. आईवडील शेतात जातात आणि धाकट्या भावंडांस सांभाळावयास थोरली मुलगी घरी राहते. तिसऱ्या दिवशी कोणी घरी गेले तर ती सहज परत येते. महिना लोटल्यावर तिला वर्गात आणणे कठीण होऊन बसते. हजेरीपटात हे सारे लिहिलेले असते, परंतु ते वेळेवर वाचले जात नाही.

रचना.— वर्गशिक्षकाने गूगल फॉर्मवर इयत्ता व गैरहजर मुलांचे हजेरी क्रमांक एवढेच रोज भरावे. ही नोंद गूगल शीटमध्ये साठते. शीटला जोडलेल्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये एकच नियम लिहावा : ज्या क्रमांकाच्या सलग गैरहजेरीचा तिसरा दिवस आज आहे, तेवढेच निवडावे. या कामास वेळेचा ट्रिगर लावता येतो. दुपारी १ ते २ हा तास ठरविल्यास त्या तासात केव्हातरी ते पार पडते. टेलिग्रामवरील बॉटफादरकडून बॉट तयार करून घेऊन तो शिक्षकांच्या गटात सामील करावा. स्क्रिप्टने पाठविलेली वार्ता हा बॉट गटात टाकतो. टेलिग्रामने ही सोय २०१५ साली खुली केली.

दक्षता.—
१. रोज दवंडी पिटली तर गाव कान देत नाही. संदेश थोडे असावेत.
२. ‘उपस्थिती ८१ टक्के’ या संदेशाने कोणीही उठत नाही. ‘इयत्ता ४ थी, क्रमांक १७, तिसरा दिवस; गृहभेट वर्गशिक्षकांनी आज करावी’ असे लिहिल्यास कोणी काय करावयाचे ते ठरते.
३. मुलाचे नाव गटात घालू नये. बॉटची गुप्त किल्ली ज्याच्या हाती पडेल, तो बॉटच्या नावाने काहीही पाठवू शकतो, ती जपावी.
४. संदेश आला नाही म्हणजे सर्व मुले हजर, असे समजू नये. नेट बंद असेल, फॉर्म भरावयाचा राहिला असेल. म्हणून दर शनिवारी ‘या आठवड्यात इतक्या दिवसांची नोंद आली’ असा एक संदेश ठेवावा. तोही न आल्यास यंत्रणा बंद पडली, हे ओळखावे.

संदेश पोहोचला म्हणजे काम झाले नव्हे. बॉट गटापर्यंत जातो. त्या मुलीच्या दारापर्यंत शिक्षकालाच जावे लागते.

स्वाध्याय.— मागील नोव्हेंबर-डिसेंबरचा हजेरीपट घ्यावा. वरील नियमाने किती संदेश निघाले असते, ते मोजावे. त्यांपैकी किती मुलांच्या घरी त्या वेळी कोणी गेले होते, तेही आठवून लिहावे.